देवनागरी अक्षरलेखन ऑनलाइन शिकवताना : आठ रविवारांची नोंद

६ जुलै ते २४ ऑगस्ट २०२५, आठ रविवार, सकाळी दहा ते बारा. दोन शिकवणारे, अठरा शिकणारे. विषय देवनागरी अक्षरलेखन आणि त्यातून एक छापील पोस्टर. सगळं ऑनलाइन. असा वर्ग सुरू करायचा विचार असणारे पहिल्यांदा सॉफ्टवेअरचं विचारतात. आमचा सर्वांत कमी वेळ सॉफ्टवेअरवर गेला. जास्त गेला तो समोरच्याचा हात दिसावा यासाठी, आणि त्याच्या आधी कागदपत्रांत.

वर्ग एका कला महाविद्यालयाच्या विस्तार उपक्रमात बसवायचा होता. प्रस्ताव ५ मे रोजी दिला, मंजुरीचं पत्र १२ जूनला हातात आलं, म्हणजे ३८ दिवस. प्रस्तावासोबत तासांप्रमाणे अभ्यासक्रम, दोघांची माहिती, शुल्काची वाटणी आणि प्रमाणपत्राचा नमुना लागला. प्रस्ताव एकदा परत आला, कारण ऑनलाइन वर्गात हजेरी कशी मोजणार ते लिहिलं नव्हतं. प्रश्न रास्त होता. लॉगिनचा अहवाल सहज निघतो, पण लॉगिन करून फोन उशाशी ठेवणाऱ्याचीही त्यात पूर्ण हजेरी लागते. म्हणून हजेरी कामावर ठेवली : दर आठवड्याचं काम शुक्रवारी रात्रीपर्यंत फोल्डरमध्ये आलं तर हजर, आठपैकी सहा वेळा हजर असेल तर प्रमाणपत्र. कार्यालयाला ते पटलं आणि आम्हालाही पुढे त्याचाच उपयोग झाला. मस्कतहून जोडलेल्या एका विद्यार्थिनीला तर फारच, कारण ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. आपला रविवार तिचा कामाचा दिवस. ती रेकॉर्डिंग पाहून काम पाठवायची आणि तिची हजेरी पूर्ण भरली. रेकॉर्डिंग करणार असाल तर संमतीपत्र प्रवेशअर्जातच घाला, अठराखालील मुलांसाठी पालकांच्या सहीचं. मागाहून गोळा करायला बसलात तर दोन आठवडे त्यातच जातात.

शुल्क माणशी २,४०० रुपये होतं. खर्च असा झाला : झूमचं दोन महिन्यांचं भाडं करासकट तीन हजारांच्या आसपास (फुकटच्या खात्यात ४० मिनिटांनी वर्ग तुटतो, आणि तो नेमका कुणाचा तरी फटकारा अर्ध्यात असताना तुटतो), फोन आडवा धरणारा स्टँड ८५०, टेबलावरचा एलईडी दिवा ६००, आणि प्रत्येकाला टपालाने पाठवलेलं साहित्याचं पाकीट, टपालासकट १४० रुपये.

त्या पाकिटाबद्दल सविस्तर सांगायला हवं. सुरुवातीला वाटलं होतं की ‘कॅलिग्राफी पेन घ्या’ एवढं सांगितलं की पुरे. चाचणीसाठी चौघांना तसं सांगितलं तर चौघांनीही ऑनलाइन मागवले ते रोमन लिपीसाठी कापलेले पेन. देवनागरीच्या निबच्या टोकाचा तिरपा काप रोमनच्या उलट्या बाजूला असतो. रोमन कापाच्या निबने क काढला की जिथे जाड हवं तिथे बारीक येतं. अक्षर ओळखू येतं, पण परकं दिसतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. सरळ कापाची चपटी निब चालते, फक्त ती कोनात धरावी लागते. म्हणून पाकिटात घातल्या आइसक्रीमच्या दोन चपट्या काड्या, एक सरळ कापलेली आणि एक देवनागरीच्या कोनात, दोन साध्या पेन्सिली, दोन रबरबँड आणि सरावाचे दहा कागद. शाई ज्याची त्याने घ्यावी. साधी फाउंटन पेनची शाई पुरते, काडी दर दोन-तीन फटकाऱ्यांना बुडवावी लागते इतकंच.

पेन्सिली कशाला? दोन पेन्सिली शेजारी धरून वर आणि खाली रबरबँड लावला की टोकांमध्ये साधारण ७ ते ८ मिलिमीटर अंतर राहतं. ही झाली तुमची निब. ती ठरावीक कोनात धरून ‘व’ हे अक्षर काढलं की कागदावर दोन समांतर रेषा उमटतात. निब जाड चालते तिथे रेषा लांब जातात, बारीक चालते तिथे जवळ येतात. मनगट नकळत फिरलं तर दोन्ही रेषा भलत्याच जागी जवळ येतात किंवा एकमेकींना छेदतात. शाईच्या फटकाऱ्यात ही चूक कॅमेऱ्यावर दिसत नाही, सगळं काळं दिसतं. पेन्सिलीच्या जोडरेषेत ती स्वस्तातल्या फोनच्या कॅमेऱ्यातूनही स्पष्ट दिसते. समोरासमोरच्या वर्गात गुरुजी मागे उभे राहून मनगट धरू शकतात. ऑनलाइन ते काम या दोन रेषा करतात. पहिले दोन आठवडे शाईला हात लावू दिला नाही, थोडी कुरकुर झाली.

कॅमेऱ्याची मांडणी दोन्ही बाजूंना लागते. आमच्या बाजूला फोन टेबलापासून ४५ सेंटिमीटरवर आडवा, लेन्स सरळ खाली, मागचा कॅमेरा. तो ड्रॉइडकॅममधून (फोनचा वेबकॅम करणारं अॅप) संगणकात घेतला आणि ओबीएस या चित्रं एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात चेहरा लहान ठेवला. चित्रात आडवे काळसर पट्टे सरकताना दिसले तर दिव्याला दोष देण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी ती ६० असते, आपली वीज ५० हर्ट्झची. दिवा लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर नेमकं टोक सावलीत जातं. फोकस हाताने कुलूपबंद करा, नाहीतर हात फिरला की कॅमेरा प्रत्येक वेळी नवा फोकस शोधत बसतो.

विद्यार्थ्यांच्या बाजूला आमची पहिलीच चूक झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. पहिल्या रविवारी शिकवायला फक्त फटकारे होते : उभा, आडवा, तिरपा, अर्धवर्तुळ. एका मुलाचे तिरपे सगळे उलट दिसत होते. आम्ही तीनदा दुरुस्त केलं, तो दर वेळी आज्ञाधारकपणे बदलत गेला आणि जास्तच बिघडत गेला. वीस मिनिटांनी लक्षात आलं की त्याने पुढच्या कॅमेऱ्याने चित्रित करून पाठवलं होतं आणि त्याच्या फोनने चित्र आरशासारखं उलटवलं होतं. अक्षर असतं तर उलटं लगेच कळलं असतं, नुसत्या फटकाऱ्यात कळायचं कसं? त्या दिवसापासून नियम केला : प्रत्येक कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लहान क आणि तारीख. क उलटा दिसला तर आधी कॅमेरा, मग टीका.

दुसरी अडचण डेटाची. दिवसाला दीड जीबीच्या प्याकवर दोन तासांचा व्हिडिओ वर्ग केला की रात्रीपर्यंत काही उरत नाही. म्हणून विद्यार्थ्यांचे व्हिडिओ बंद, आणि तासातून दोनदा प्रत्येकाने आपल्या कागदाचा फोटो टाकायचा. तो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो आणि कडा पुसट होतात. पुढे त्याच चित्रावर संगणकात काम करायचं असतं, तेव्हा ते नडतं.

पहिला वर्ग योगायोगाने आषाढी एकादशीला आला. त्यामुळे काहीही शिकवण्याआधी सगळ्यांकडून ‘विठ्ठल’ लिहून घेतलं. शब्द सोपा वाटतो, पण ठ्ठ मध्ये फसवतो. अठरा कागदांवर तीन प्रकार आले : ठ खाली ठ, पाय मोडून शेजारी ठ, आणि एक ठ दुसऱ्याला चिकटवून केलेली काहीतरी जोडगोळी. यातलं चूक कुठलंच म्हणता येत नाही. पण खाली ठ घेतला की ओळीची खोली वाढते. खालच्या ओळीत वेलांटी किंवा मात्रा आली की टक्कर ठरलेली. शेजारी घेतला की शब्द लांबतो आणि पाय मोडल्याची खूण वाचताना टोचते. पोस्टरवर शब्द एकटा असेल तर खाली, मजकुरात असेल तर ओळींतलं अंतर बघून, असं प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. असे निर्णय घ्यायला लावणारे शब्द सरावाला निवडा. कमळ, घर, गवत लिहून हात बसतो, डोकं चालत नाही.

तिसऱ्या वर्गात वहीची सवय मोडावी लागली. शाळेत आपण अक्षर खालच्या रेघेवर टेकवतो. देवनागरी शिरोरेषेला लटकते. सरावाच्या कागदावर वरची रेघ ठळक आणि खालची तुटक छापली, उंची निबच्या पाच रुंदींएवढी. तरीही निम्मे जण आधी अक्षर काढून मग वर रेघ मारत होते. ती मारावी शेवटीच, पण तिची जागा आधी ठरलेली हवी. इथे रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करून दाखवण्याचा उपयोग झाला. थेट दाखवताना जोडणी अडखळली की फटकाऱ्याच्या मधल्या चौकटी (फ्रेम) गळतात आणि हात एका जागेवरून उडी मारल्यासारखा दिसतो. त्यामुळे थेट दाखवायचं ते तोंडाने चार मोजत, संथ. आणि महत्त्वाचे फटकारे आदल्या दिवशी चित्रित करून ठेवायचे. जुलैच्या पावसात दोनदा वीज गेली, तेव्हा त्याच चित्रफितींनी वर्ग तरला.

चौथ्या आठवड्यात संगणक आला. इंकस्केप हे रेखाकृती काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि देवनागरी नीट जुळवतं. सहा जणांकडे फक्त फोन होता. त्यांना वेगळं काम दिलं : अक्षरं कागदावरच, मांडणी कॅन्व्हावर. हे आधीच जाहीर करा, नाहीतर फोनवाले चौथ्या आठवड्यात गळतात.

चित्र आत घेतलं की सगळ्यांचा पहिला मोह ट्रेस बिटमॅप, म्हणजे फोटोवरून बाह्यरेषा आपोआप काढणारी सोय. एक बटण, अक्षर तयार. ठ चं वर्तुळ असं ट्रेस केलं आणि नोड, म्हणजे बाह्यरेषेवरचे बिंदू, मोजायला सांगितले : कुणाचे साठ, कुणाचे नव्वद. कागदाचा प्रत्येक खडबडीतपणा एकेक नोड होऊन बसलेला. मोठं करून छापलं की वर्तुळ कुरतडल्यासारखं दिसतं. मग तेच हाताने काढायला लावलं. बाहेरच्या वळणावर चार नोड, अगदी वर, अगदी खाली, डावीकडे आणि उजवीकडे, आणि हँडल, म्हणजे नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या, फक्त आडवे किंवा उभे. आतल्या वळणाला तसेच चार. आठ नोडमध्ये ठ चं वर्तुळ. पहिल्या ठ ला चाळीस मिनिटं लागली, पाचव्याला सहा. ट्रेस वाईट असं नाही. शाईचा खरखरीतपणाच हवा असेल तर तोच वापरावा. पण ते ठरवून व्हावं.

पाचव्या आठवड्यात टाइप केलेला मजकूर घेतला आणि इथे डिझाइनपेक्षा टंकलेखनाच्या चुका जास्त निघाल्या. दऱ्या आणि दर्या. पहिल्या डोंगरातल्या, दुसरा समुद्र. चंद्रकोरीचा अर्धा र हवा असेल तर ऱ, मग पाय मोडण्याची खूण, मग य. साधा र घेतला की रफार चढतो आणि अर्थ बदलतो. फोनच्या काही कीबोर्डवर ऱ हा र दाबून धरल्यावर मिळतो, हे अर्ध्या वर्गाला माहीत नव्हतं. ल आणि श चंही तसंच. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची अक्षरं येतात. मराठी वळण, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, फॉन्टमध्ये असतंही, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं तरच उठतं. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी करा, वेबपानावर भाषेचा संकेत ‘एमआर’ द्या. जिथे अशी सोय सापडत नाही तिथे सरळ टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ही वळणं मुळातच आहेत. जाड-बारीक वजनांचा संच हवा असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, शीर्षकाला त्यांचाच बालू. सगळे खुल्या परवान्याचे, व्यावसायिक कामाला वापरता येतात.

एकाने गावच्या छापखान्यातून जुनी फाइल आणली, ती उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली. ती युनिकोड ही आजची सर्वमान्य संकेतपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. तो परत टाइप करणं हा सर्वांत जलद उपाय, रूपांतरकाने बदलल्यावर जोडाक्षरं एकेक तपासावीच लागतात. अडोबी वापरणाऱ्यांनी वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली दिसली तर फॉन्ट बदलत बसू नये. इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करावेत आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरजुळणीची सोय) द्यावा.

टीकेचा तास सर्वांत अवघड. पहिल्यांदा काम पडद्यावर लावून ‘बोला’ म्हटलं, तर अठरा गप्प माइक आणि शेवटी एक ‘छान आहे’. मिरो या सेवेवर ऑनलाइन फलक करून बघितला, दोन जीबी रॅमच्या फोनवर तो उघडेना. अखेर जमलं ते गूगल स्लाइड्समध्ये. एक स्लाइड एकाची, कामाच्या बाजूला रिकामी पट्टी. वर्ग झूमच्या दोन खोल्यांत विभागला, नऊ-नऊ. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं, आणि वाक्याची सुरुवात ठरलेली : ‘मला आधी अमुक दिसलं, मग तमुक.’ छान, मस्त, भारी या शब्दांना बंदी. मग प्रत्येक कामाला सहा मिनिटं, म्हणजे नऊ कामांना चोपन्न. ज्याचं काम त्याने शेवटच्या मिनिटातच बोलायचं. ‘मला आधी खालचा फोन नंबर दिसला’ असं पाच जणांनी लिहिलं की गणेश मंडळाच्या नावाचं काय करायचं ते आम्ही सांगायची गरज राहत नाही. नुसतं पूर्ण झालेलं काम स्वीकारायचं नाही, सोबत त्याआधीचे तीन टप्पे हवेत. तयार साच्यावर नाव बदलून आणलेलं काम तिथेच उघडं पडतं, आणि प्रामाणिक कामात कुठल्या टप्प्यावर गाडं घसरलं ते कळतं.

पोस्टर गणेशोत्सवाचं होतं, चतुर्थी २७ ऑगस्टला. ए-थ्री आकार, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापून टाकायची जादा कड, धरून ३०३ बाय ४२६. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि गुलालाचा गुलाबी छपाईत उतरत नाहीत, सीएमवायके या छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत ते मंदच येतात. हे सांगून पटत नाही, म्हणून सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला जवळच्या दुकानात रंगांची एक पट्टी छापायला लावली, ए-फोरचे २० रुपये. इंकस्केपमधून थेट सीएमवायकेची आशा धरू नका, फाइल स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन तिथून पीडीएफ काढा. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार शाया एकावर एक आल्या आणि कागद केसभर सरकला की मात्रांना रंगीत सावली पडते. दुकानात देण्याआधी मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, पण बदलण्याआधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. तिघांनी ती ठेवली नाही आणि नंतर तारखेतली चूक दुरुस्त करायला सगळं पुन्हा बसवावं लागलं.

आमच्या वेळापत्रकातली मोठी चूक छपाईची. अंतिम फाइल १७ ऑगस्टला आणि छपाई त्या आठवड्यात, असं ठरवलं होतं. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात कुठल्याही गावातलं छपाईचं दुकान पावतीपुस्तकं आणि फ्लेक्समध्ये बुडालेलं असतं, तिथे एका ए-थ्रीला कोण विचारतो? २४ तारखेच्या शेवटच्या वर्गाला अठरापैकी अकराच पोस्टरं छापून आली. उरलेल्यांनी पडद्यावरच दाखवली. छपाई १० ऑगस्टला लावायला हवी होती. छापून आलेली अकरा मात्र भिंतीवर लावून, तीन मीटरवरून काढलेल्या फोटोंतच तपासली. जवळून सुरेख दिसणाऱ्या चार शीर्षकांतल्या बारीक रेषा त्या अंतरावरून गायब होत होत्या.

शेवटी पुन्हा ‘विठ्ठल’ लिहून घेतलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून फोल्डरमध्ये टाकले. फाइलची नावं तारीख, आडनाव, आठवडा या क्रमाने, वर्ष आधी. पहिल्या आठवड्यापासून अशी ठेवली नाहीत तर ‘फायनल नवीन २’ नावाच्या अठरा फाइल समोर येतात.

मानधनाचं बिल १ सप्टेंबरला दिलं : बिल, पॅनची प्रत, रद्द केलेला धनादेश, तासांचा तक्ता. प्रत्येक वर्गाची तारीख आणि वेळ बिलातच हवी म्हणून ते एकदा परत आलं, तक्ता वेगळा जोडलेला चालला नाही. माणशी १२,००० रुपये होते. व्यावसायिक शुल्कावरच्या करकपातीची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली आहे, तेव्हा कपात लागू नाही असं एका ओळीचं पत्र सोबत दिलं, त्याचा फायदा झाला. पैसे १९ नोव्हेंबरला जमा झाले.